करड्या वाळूवरचे शनिवार

२६ जुलै, शनिवार

हे लिहायला का घेतलं ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलायला नको. देवदत्त माझ्यापासून लांब चाललाय. भांडण नाही. दुसरी कुणी बाई आहे असंही वाटत नाही. आहे ती फक्त वाळू.

मे महिन्यात त्यानं एक बग्गी घेतली. वाळूवर चालवायची, दोन माणसांची. दारं नाहीत, आणि छप्पर म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसं मॅरेथॉन धावतात, इथे बेलव्ह्यूत आमचे निम्मे मित्र धावतातच. हा वाळूवर गाडी फिरवतो. बग्गी ठेवलीय मोझेस लेकला, अतुलच्या शेडमध्ये. अतुल म्हणजे याचा जुन्या ऑफिसातला मित्र, नागपूरचा, आता तिकडच्या एका डेटा सेंटरमध्ये असतो. घाट ओलांडून, मग कोलंबिया नदी ओलांडून जायचं, जवळजवळ तीन तास. शनिवारी उजाडल्यावर निघतो, रात्री अतुलकडे राहतो, रविवारी उजाडल्यावर परत निघतो. पूर्वी आम्ही सिनेमा सुटल्यावर हुक्की आली म्हणून पोर्टलंडला निघायचो. आता दिवस मावळायच्या आत त्याला कुठेतरी टेकायचं असतं. वय झालं म्हणावं, तर वाळूवर उड्या कशा मारतो?

बुधवारची गोष्ट. तो सोफ्यावर बसला होता. मी शेजारी उभी राहून चहाचा कप पुढे धरला. धरूनच राहिले. तो समोर खिडकीकडे बघत होता, शांत. माझा हात भाजायला लागला तेव्हा मी कप टेबलावर ठेवला. त्या आवाजानं वळला आणि म्हणतो, "झाला का गं चहा?"

 आत जाऊन उगाच ओटा पुसत बसले. अठरा वर्षं मी या माणसाला चहा देतेय. कप दिसू नये इतकी मी सवयीची झाले?

३ ऑगस्ट, रविवार

आज विचारलं. "काय आहे रे त्या वाळूत?"

म्हणाला, "काहीच नाही."

"काहीच नाही, मग दर आठवड्याला कशाला जातोस?"

"काहीच नाही म्हणूनच जातो."

सावनी जेवता जेवता हसली. सोळा वर्षांची आहे, तिला आमचं बोलणं म्हणजे फुकटचा शो. म्हणाली, "आई, बाबा इज बीइंग डीप. लेट हिम."

मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी मी येणार."  देवदत्त म्हणाला, "ये की. टोपी घे. आणि मला झोप आली तर थोडी गाडी तूच चालव."

मी गावातल्या गावात चालवते. शाळेच्या ऑफिसात नोकरीला जाते, देसी दुकानात जाते. घाटातून ट्रकांच्या मधून चालवायची म्हटलं की मी किल्ली त्याच्याकडे देते. हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. मोझेस लेक

काय लिहू? मी वाळू म्हणजे पिवळी समजत होते. ही करडी आहे, जवळून पाहिली तर काळे-पांढरे कण, तीळ आणि खसखस एकत्र सांडल्यासारखे. लांबून मात्र ती रंग बदलत राहते. सकाळी राखेसारखी, दुपारी फिकट, आणि चारच्या पुढे निळसर. टेकडीमागे टेकडी, आणि शेवटच्या टेकडीच्या पायाशी तळं. अतुल सांगत होता, वसंतात तळं भरतं तेव्हा पाणी या टेकड्यांमध्ये शिरतं आणि काहींची बेटं होतात. आत्ता पाणी उतरलंय. काठची वाळुंजाची झाडं गुडघ्यापर्यंत ओल्या खुणा घेऊन उभी आहेत.

बग्गीच्या टायरला वल्ह्यांसारखे पट्टे आहेत. ते वाळू मागे ढकलतात आणि आपण होडीत बसल्यासारखे पुढे जातो. मागे उंच दांडीवर केशरी झेंडा. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला आपण दिसत नाही, आधी आपला झेंडा दिसतो. अतुल म्हणाला, "वहिनी, इथं झेंडा म्हणजे जीव. माणूस मागाहून येते."

मला वाटलं होतं देवदत्त वेड्यासारखा चालवत असेल. तसं नाही. तो फार हळुवार चढतो. टोकाला जाऊन थांबतो, मान पूर्ण डावीकडे वळवतो, मग पूर्ण उजवीकडे, एखाद्या घुबडासारखी, मग उतरतो. मी म्हटलंसुद्धा, "कुणाला शोधतोयस?" तो हसला नाही.

उतारावर इंजिन बंद केलं. वाळू आमच्या मागून घसरत आली, बराच वेळ, पाऊल न वाजवता कुणी यावं तशी. तळ्यावरून वारा आला. मला, खरं सांगते, तिथून उठावंसं वाटेना. माझी खरं तर त्याच्यावर रागवायची तयारी होती. राग कुठेतरी खाली राहिला.

१० ऑगस्ट, रविवार

घाट मी चालवला! घाटाच्या अलीकडे एलन्सबर्गला पेट्रोल भरलं आणि त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "दमलोय." रात्रभर घोरत होता, दमायला काय झालं? मी चिडूनच बसले. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. ट्रक जवळून गेला की डोळे मिटावेसे वाटायचे. तो शेजारून एवढंच म्हणत होता, "छान. लेनच्या मध्ये आहेस. छान."

घरी पोचल्यावर सावनी म्हणाली, "वेट, यू ड्रोव्ह? द पास?" आणि तिनं बापाकडे असं पाहिलं की जणू त्यानंच काही केलंय.

२३ ऑगस्ट, शनिवार. मोझेस लेक

आज त्यानं बग्गीसुद्धा माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "कंटाळलास इतक्यात?" तर म्हणे, "तू चालव, मला बघायचंय." पण तो बघत कुठे होता, डोळे मिटून बसला होता. वारा तोंडावर घेत.

मी एका टेकडीच्या पोटात अडकले. गॅस दिला की चाकं आणखी खाली. अतुल वरून ओरडला, "वहिनी, पेरायचंय का काही? एवढं खणून राहिल्या तं हरभरा टाकू!" मग त्यानं मागे घ्यायला शिकवलं: हळूच मागे, स्वतःच्याच खुणांवरून, आणि मग जोर. जमलं. टोकाला पोचले तेव्हा एकदम तळं समोर उघडलं आणि मी मोठ्यानं हसले. स्वतःचं असं हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुपारी डबा खाताना देवदत्तला म्हटलं, "आता कळलं, तुला का आवडतं."

तो म्हणाला, "इथं कडेला काही नसतं ना. घरात, ऑफिसात, दुकानात, सगळीकडे कडेला काहीतरी असतं. इथं मोकळं."

मी हातातली दशमी डब्यात परत ठेवली. कडेला म्हणजे कोण? त्याच्या कडेला तर मीच असते.

३१ ऑगस्ट, रविवार

काल मंडळाचा गणपती. शाळेचा हॉल, दोनशे माणसं, ढोल, मोदकांची रांग. देवदत्तला यायचं नव्हतं, मी ओढून नेलं. आल्या आल्या चंद्रशेखर काकांनी हात पुढे केला. जुने डॉक्टर, आमच्या लग्नाच्या आधीपासून इथे. देवदत्त सरळ पुढे निघून गेला. काकांचा हात तसाच. मी घाईनं वाकून नमस्कार केला, काहीतरी बोलले. काका हसून म्हणाले, "मोठा माणूस झाला हो तुझा नवरा."

परत येताना गाडीत मी बोलले. जरा जास्तच बोलले. घमेंड हा शब्दही वापरला. तो म्हणाला, "काका होते? माझं लक्ष नव्हतं." एवढंच. माझं लक्ष नव्हतं! हल्ली त्याचं लक्ष नसतंच. डिशवॉशरचं उघडं झाकण नडगीला लागतं, लक्ष नव्हतं. मांडून ठेवलेला दुधाचा ग्लास कोपरानं उडतो, लक्ष नव्हतं. मन घरात असेल तर लक्ष असेल.

सावनी मात्र उलटी झालीय. वर्षभर बापाशी धड बोलत नव्हती, आता पार्किंगमध्येसुद्धा त्याच्या दंडाला धरून चालते. आणि आवराआवरीचं वेड लागलंय: खुर्च्या टेबलाखाली ढकलते, बुटांची रांग लावते, कपाटाची दारं बंद करत फिरते. मी म्हटलं, "काय गं, सासरी जायची तयारी?" तर डोळे फिरवून म्हणाली, "इट्स जस्ट सेफर, आई." मुलीचं बापावर प्रेम उतू जातंय आणि मी कडेला. थोडा हेवा वाटला, नाकारत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. मोझेस लेक

बग्गीला नवे आरसे. आधीचे दोन होतेच, आता दोन्ही बाजूंना मोठे, त्यांवर आणखी छोटे फुगीर गोल. पिंजऱ्याच्या आडव्या पाइपला एक लांबलचक. अतुलनं कपाळाला हात लावला. "भाऊ, ट्रक घेतला का बाप्पा? आता मागं 'पुन्हा भेटू' लिहून टाका."

देवदत्त पाठमोरा आरसे पुसत राहिला. मला ते खेळणंच वाटलं. या वयात पुरुषांना सुट्या भागांचं काय वेड लागतं कळत नाही.

पण आजचा दिवस चांगला होता, ते लिहायला बसलेय. संध्याकाळी बग्गी खाली ठेवून आम्ही चालत मोठ्या टेकडीवर गेलो. सूर्य पलीकडच्या कड्यांना टेकला, टेकड्यांच्या सावल्या लांब होऊन एकमेकींत मिसळल्या. तळं तांब्याच्या परातीसारखं झालं होतं. त्याला लगेच निघायचं होतं. मी म्हटलं, थांब ना, एवढं बघू. थांबला. मग उजेड भरभर गेला, आणि उतरायची वेळ आली तेव्हा त्यानं माझा हात मागितला. मागितला म्हणजे खरंच हात पुढे करून म्हणाला, "सुवर्णा, हात दे."

पूर्ण उतारभर सोडला नाही. घट्ट धरला होता, बोटांत बोटं अडकवून. पाय वाळूत रुतत होते, तो माझ्या अर्धं पाऊल मागे होता आणि मी शाळेतल्या पोरीसारखी हळूहळू चालत होते, खाली लवकर पोचायला नको म्हणून. किती वर्षांनी! माझ्या मनातलं सगळं खोटं असेल का? लांब गेलेला माणूस असा हात धरतो?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कुणाला सुट्टी नाही. सकाळी मीटिंगच्या आधी देवाला फूल वाहिलं, संध्याकाळी आपट्याची पानं म्हणून बागेतली कुठलीतरी दोन जोड पानं वाटली. इथल्या गाड्यांची पूजा केली, कुंकू लावलं. बग्गीची पूजा शनिवारी तिकडे जाऊन करायची. सगळेच सण आपण शनिवारी ढकलतो, देवांनाही आता वीकएंड कळला असेल.

झेंडूची फुलं देसी दुकानातून आणली, सावनीनं आणि मी बसून हार ओवले. सुई टोचून घेतली तिनं. ही पूजा मला मनापासून करायचीय. त्या यंत्राचा मी इतका दुस्वास केला आणि त्यानंच मला देवदत्तच्या शेजारी नेऊन बसवलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. मोझेस लेक

आज फार उशिरा लिहायला घेतलं.

सकाळी अतुलच्या शेडमध्ये पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, चाकांखाली लिंबं. अतुलनं नारळ फोडला. पुढे मोठा हार, स्टिअरिंगला छोटा, आणि आरशांना फुलांच्या जाड माळा, गुंडाळून गुंडाळून. गावाकडे दसऱ्याला बस सजवतात तशी. वरच्या लांब आरशावरून तर मी दोन पदरी तोरण सोडलं. अतुल म्हणाला, "वहिनी, नवरदेवाची गाडी केली की!"

देवदत्त आला. एका आरशावरच्या माळेला हात लावला, बोटानं थोडी सरकवून पाहिली. मी म्हटलं, "का? छान नाही दिसत?" तो माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, "फार छान दिसतंय. असू दे."

निघालो. ऊन कोवळं होतं, वाऱ्यावर पाकळ्या उडत होत्या, आमच्या मागे करड्या वाळूवर केशरी ठिपके पडत चालले असतील. मी शेजारी बसून गुणगुणत होते. तो नेहमीपेक्षा हळू होता. एक मोठी वाटीसारखी जागा आहे, तिच्या काठावरून आम्ही आडवे चाललो होतो. तेव्हा डावीकडून, खालून, एक निळी बग्गी चढत आली. सरळ आमच्याकडे. झेंडा दिसत होता, मग हेल्मेटं दिसली, दोन. मी वाट बघत होते की आता हा थांबेल. आता थांबेल. तो थांबत नव्हता. चेहरा शांत होता, खिडकीकडे बघताना असायचा तसा.

"देवदत्त! डावीकडे!"

त्यानं ब्रेक दाबला, मी स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं. निळी बग्गी आमच्या बग्गीच्या नाकापासून हातभर अंतरावरून गेली आणि तिनं उडवलेली वाळू आमच्या तोंडावर गारांसारखी आदळली. मग सगळं थांबलं. दोन्ही इंजिनं बंद. एक तरुण मुलगा उतरला, बरोबरची मुलगी तिथेच बसून रडायला लागली. मुलगा ओरडत आला, "डूड! डिड यू नॉट सी मी?"

देवदत्तनं हेल्मेट काढलं. आणि अगदी हळू, जसं कुणाला पत्ता सांगावा तसं, म्हणाला, "नो. आय डिडन्ट. आय ॲम सो सॉरी. आय कान्ट सी ऑन द साइड्स."

त्या मुलाचा राग एकदम गेला. तो आधी त्याच्याकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग आरशांवरच्या झेंडूकडे. "देन यू शुडन्ट बी ड्रायव्हिंग, मॅन," असं नुसतं पुटपुटला आणि मुलीकडे गेला. आम्ही त्या दोघांची विचारपूस केली. त्यांना काही लागलं नव्हतं. ते गेले.

माझ्या नवऱ्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट एका परक्या पोराला सांगितली होती, आणि मी शेजारी बसून ऐकली होती.

मग वाळूवर बसून त्यानं मला सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कडेकडून आत येतो. अंधारात आधी दिसेनासं होतं, मग बाजू जातात, मध्ये राहतं ते नळीतून पाहिल्यासारखं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. किती वेगानं वाढेल सांगता येत नाही म्हणे. गावात गाडी चालवणं त्यानं तेव्हाच कमी केलं, बसनं ऑफिसला जायला लागला (मला म्हणाला होता, पार्किंग मिळत नाही). घाट तेवढा दिवसाउजेडी रेटत होता, मी चालवायला लागेपर्यंत.

"आणि हे? हे कसं चालतं तुला?"

"इथं बहुतेक वेळा कुणी नसतं. मान वळवून बघतो. आरशात बघतो."

मी आरशांकडे पाहिलं. एकातही काच दिसत नव्हती, सगळी फुलं.

"अरे, मग काढली का नाहीस माळ? बोलला का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं घातली होतीस. आणि काढली असती तर सांगावं लागलं असतं."

मला ओरडायचं होतं. तोंडातून भलतंच आलं. "मला वाटलं मी तुला नकोशी झालेय. त्या दिवशी मी कप धरून उभी होते, हात भाजला माझा, तू ढुंकूनही बघितलं नाहीस."

तो गोंधळला. मान वळवून मला नीट समोर घेतलं. म्हणाला, "कुठला कप?"

६ ऑक्टोबर, सोमवार

रागावलेय. दोन दिवस रागावूनच आहे आणि तो तेवढाच नीट वागतोय, त्याचाही राग येतोय.

त्या मुलीला काही झालं असतं तर? हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्याच विचारानं झोप नाही. त्याला अजून एकच उन्हाळा हवा होता. मग थांबणार होता. मी म्हटलं, तुझ्या एका उन्हाळ्यात दुसऱ्याची पोरं कशी येतात रे?  

आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणतो, "तू लगेच सगळं आवरायला घेतलं असतंस. अपॉइंटमेंटा, कॅलेंडर, विमा. मला थोडे दिवस नुसतं चालवायचं होतं. आणि तुला चालवायला शिकवायचं होतं, तुला न घाबरवता."

मी घाबरले नाही का? रोज घाबरत होते. फक्त भलत्याच गोष्टीला.

आज कोजागिरी. दूध आटवलं, चारोळ्या घातल्या, बाल्कनीत खुर्च्या टाकल्या. ढग नव्हते, नवलच. चंद्र शेजारच्या इमारतीवर आला. मी बोलणार नव्हते पण विचारलं, "दिसतो?"

"चंद्र पूर्ण दिसतो," म्हणाला. "बाकीचं आकाश नाही."

मी दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांना लावली. खरंच, चंद्र तेवढाच मावतो. इतका एकटा, इतका स्वच्छ. हात काढले तर शहराच्या उजेडात तो कितीतरी लहान झाला.

सावनीला एवढ्यात सांगायचं नाही असं ठरवलंय. परीक्षा आहेत, उगाच तिच्या मनावर ताण नको. ती दूध घेऊन आली, बापाच्या बरोबर समोर उभी राहिली, "बाबा, ग्लास," म्हणाली आणि त्याची बोटं ग्लासाभोवती बसेपर्यंत सोडला नाही. गुणी पोर आहे. तिला कसं सांगायचं याचाच विचार करतेय.

११ ऑक्टोबर, शनिवार. मोझेस लेक

बग्गी विकायची असं तो म्हणत होता. अतुलला मी फोनवर सगळं सांगितलं.  तो थट्टा न करता म्हणाला, "वहिनी, विकू नका. तुम्ही चालवा." मीही तेच ठरवलं होतं.

म्हणून आज आलो. पूर्ण रस्ता मी चालवला, घाटात पाऊस होता तरी. बग्गी मी चालवली. आरसे तसेच राहू दिलेत, मलाही लागतात की ते.

वारा होता, म्हणून वाळूवर रेघा उमटल्या होत्या, बाळंतपणानंतर ओटीपोटावर असतात तशा. लोक कमी. तळ्याचं पाणी पुन्हा चढायला लागलंय म्हणे, मला काही फरक दिसला नाही. पाण्याच्या जवळ, ओल्या वाळूपाशी थांबले. इंजिन बंद केल्यावर पाण्याचा बारीक चुबुकचुबुक आवाज. देवदत्त उतरून उभा राहिला, तोंड तळ्याकडे. मी त्याच्या पाठीकडे पाहत बसले. आठवडाभराचा राग होता अजून, पण तो आता कुठे ठेवावा ते कळेना.

म्हटलं, "मला नीट दाखव. किती दिसतं तुला?"

"कसं दाखवू?"

"हलू नकोस. समोर बघ. मान वळवायची नाही."

मी त्याच्या पाठीमागून डाव्या बाजूला गेले, खूप लांब, आणि टाच वाळूत रोवून हळूहळू त्याच्या समोर यायला लागले. "आले?"

"नाही."

"आता?"

"नाही."

मला वाटलं होतं दोन-चार पावलं असतील. मी चालतच राहिले. मला तो अख्खा दिसत होता: त्याचं जुनं निळं जॅकेट, पांढरं होत चाललेलं डोकं, एका हातात टोपी. आणि मी त्याच्यासाठी कुठेच नव्हते. अशी किती महिने त्याच्या शेजारी नसलेली मी वावरत होते, कप धरून, बोलत, चिडत.

"थांब," तो म्हणाला. "आलीस."

तिथून मी टाचेनं त्याच्या पायापर्यंत सरळ रेघ ओढली. मग उजवीकडून तसंच. "थांब. आलीस." दुसरी रेघ. दोन रेघा त्याच्या बुटांपाशी जुळत होत्या आणि पाण्याकडे उघडत जात होत्या, दार किलकिलं करावं तेवढ्याच. बाकी सगळी वाळू, सगळं तळं, सगळ्या टेकड्या, रेघांच्या बाहेर.

मी बराच वेळ त्या रेघांकडे बघितलं. तो म्हणाला, "काय झालं? फार कमी आहे ना?"

"पुरेल," मी म्हटलं. 

पाण्याच्या काठावर, रेघांच्या मध्ये, तोंड त्याच्याकडे करून मी जाऊन उभी राहिले. त्यानं मला पाहिलं. पूर्ण पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, घाई न करता, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर लग्नाआधीचं ते आगाऊ हसू आलं.

"सुवर्णा, जरा डावीकडे सरक," तो म्हणाला. "तुझ्या मागे एक पेलिकन बसलाय, तो झाकला गेलाय."

मी नाही सरकले.